तेरा वर्षांचा शनिवार

मन्सूर : ...तू काहीही म्हण, या कॉम्प्युटरनं चौदा वर्षांत एकाही माणसाचा विश्वासघात केलेला नाही.

यास्मिन : अब्बा, तो तुमच्याकडे खंडणी मागतोय.

मन्सूर : तो मागत नाही. त्याच्या आत बसून दुसरं कुणीतरी मागतंय. फरक आहे.

यास्मिन : आणि ते कधीपासून आत बसलंय?

मन्सूर : आठ दिवस झाले. सकाळी दुकान उघडलं, झाडलं, कॉम्प्युटरवरचं कापड घडी करून ठेवलं, बटण दाबलं, चहा पिऊन येतो तर रोजच्या हिरव्या टेकडीच्या जागी ही लाल पाटी. मला वाटलं जाहिरात आहे. हल्ली कुठूनही घुसतात.

यास्मिन : आठ दिवस. आणि मला आज सकाळी अम्मीच्या तोंडून कळतं. तिनं तरी काय सांगितलं? म्हणे, अब्बा जेवताना ताटाकडे बघत नाहीत, दुकानात काहीतरी लाल झालंय. मला वाटलं तुम्ही भिंतीला रंग दिलात.

मन्सूर : तू कामात होतीस. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला होता. म्हणालीस, जगभर काहीतरी पसरलंय, आता आठवडाभर खराडीच्या ऑफिसातच मुक्काम, आणि दुकानात सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, ठीक आहे. तुझ्याकडे परदेशातली हॉस्पिटलं, त्यांची ऑपरेशनं खोळंबलेली. त्या रांगेत नारायण पेठेतलं टाइपसेटिंगचं दुकान कुठे घुसवायचं?

यास्मिन : मी विचारलं तेव्हा तुमच्यासमोर ही पाटी होती?

मन्सूर : वर कापड टाकलं होतं.

यास्मिन : सरका जरा, बघू द्या. पैसे भरायची मुदत सात दिवसांची लिहिलीय. म्हणजे काल संपली.

मन्सूर : नाही संपली. खाली नीट वाच. अजून सहा दिवस आणि वर काही तास बाकी आहेत.

यास्मिन : पण आठ दिवस झाले ना?

मन्सूर : तुझ्यामाझ्यासाठी झाले. याच्यासाठी नाही झाले.

यास्मिन : अब्बा, तो कोपऱ्यातला स्टिकर काढा.

मन्सूर : राहू दे. जुना आहे, फाटेल.

यास्मिन : 'मुद्रणदोषाची जबाबदारी ग्राहकाची.' हे वाक्य नेमकं घड्याळ दिसतं त्याच कोपऱ्यावर का चिकटवलंय, हा प्रश्न मला याआधी पडायला हवा होता. निघाला बघा. तीन एप्रिल, दोन हजार चार?

मन्सूर : तीच असते.

यास्मिन : रोज?

मन्सूर : हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा परवाना वर्षाचा होता. दरवर्षी नवा करून घ्यायचा. शेवटचा दिवस तीन एप्रिल. मी दोन दिवस आधी रीतसर अर्ज टाइप करून त्यांच्या ऑफिसात गेलो, तर दाराला कुलूप. खालचा चहावाला म्हणाला, कंपनी गुंडाळली, साहेब बंगलोरला गेले. आता परवाना कोणाकडून नवा करून घेऊ? दुसरं सॉफ्टवेअर आणलं तर जुन्या फायली त्यात उघडत नाहीत, अक्षरांच्या जागी चौकोन येतात. म्हणून मी घड्याळच थांबवलं. सकाळी आलो की पहिलं काम तारीख मागे घ्यायची, आणि संध्याकाळी सहाला न विसरता बंद करायचा. पुढची तारीख त्याला लागूच द्यायची नाही. तीन एप्रिलला शनिवार होता. तेव्हापासून या दुकानात तेरा वर्षं शनिवार आहे.

यास्मिन : आणि अँटिव्हायरस?

मन्सूर : तो त्या वर्षाच्या डिसेंबरअखेरपर्यंतचा घेतलेला. रोज हिरवी खूण दाखवतो. 'आपण सुरक्षित आहात.'

यास्मिन : तुम्ही दोन हजार चारमध्ये आहात असं समजून.

मन्सूर : दोन हजार चारमध्ये आपण सुरक्षितच होतो.

यास्मिन : अब्बा, हा कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो ते एक्सपी ज्यांनी बनवलं त्यांनीच तीन वर्षांपूर्वी जाहीर केलं की यापुढे याची डागडुजी होणार नाही. नवं भगदाड सापडलं तर ज्याचं त्यानं बघावं. माझा पगार त्याच कामाचा आहे. रोज लोकांना फोनवर सांगते, तुमच्याकडे जुनी मशीन किती आहेत, ती काढून टाका, जमत नसेल तर निदान नेटपासून तोडा. आणि लोक तिकडून म्हणतात, अहो पण ते व्यवस्थित चालतंय. अगदी तुमच्यासारखं म्हणतात, फक्त इंग्रजीत.

मन्सूर : मला नाही कधी सांगितलंस.

यास्मिन : सांगितलं होतं. ईदला. तुम्ही म्हणालात, त्याला नेटच नाही, पेनड्राइव्ह मी लावू देत नाही, हात धुतल्याशिवाय कोणी बोट लावत नाही, तर भगदाडातून येणार कोण?

मन्सूर : खरंच होतं ते. नेट नव्हतंच त्याला.

यास्मिन : हो.

मन्सूर : मी तुला बोलत नाहीये.

यास्मिन : बोला ना. वायर मी लावली. एप्रिलमध्ये. कोंडीरामकाकांचं शब्दांचं पुस्तक लोकांना मोबाइलवर वाचता यावं म्हणून जुनी अक्षरं नव्यात बदलणारं एक सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचं होतं. दहा मिनिटांचं काम. पण एकही साइट उघडेना. मला वाटलं तुमच्या केबलवाल्याची लाइन रडतेय. म्हटलं, वायर राहू दे अशीच, रविवारी येऊन करते.

मन्सूर : का उघडत नव्हत्या साइट?

यास्मिन : या तारखेमुळे. तेरा वर्षं मागची तारीख सांगणाऱ्या मशीनला आजच्या साइट दारात उभं करत नाहीत. त्यांना वाटतं याच्यात काहीतरी खोटं आहे.

मन्सूर : त्यांना बरोबर वाटलं.

यास्मिन : मला सांगितलं असतंत तर मी तेव्हाच वायर काढली असती.

मन्सूर : तुला कसं सांगणार? माझी मुलगी जगाचे कॉम्प्युटर सांभाळते असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. आणि मुलीला सांगू, की मी रोज सकाळी माझ्याच कॉम्प्युटरला फसवतो?

यास्मिन : बरं. मी तुम्हाला कॉपीसाठी वेगळी डिस्क आणून दिली होती. ती कुठे आहे?

मन्सूर : ही काय. लावलेलीच आहे.

यास्मिन : लावलेलीच?

मन्सूर : सारखी काढ-घाल केली की भोक ढिलं होतं. तू दिलीस त्या दिवशी लावली, धूळ नको म्हणून वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली, त्यानंतर हात लावलेला नाही. बघ, अजून नवी दिसते.

यास्मिन : अब्बा, फायलींना असं कुलूप लागताना जे जे जोडलेलं असतं त्या सगळ्यालाच लागतं.

मन्सूर : माहीत आहे. तिच्यातही नुसत्या आकड्यांच्या फायली दिसतात. मी परवा बघितलं.

यास्मिन : एक शेवटचं विचारते. पाटी आल्यावर कॉम्प्युटर बंद केला होतात का?

मन्सूर : रोज सहाला. केलाच पाहिजे ना, नाहीतर चार तारीख लागेल.

यास्मिन : रोज.

मन्सूर : का? काय झालं?

यास्मिन : काही नाही.

मन्सूर : यास्मिन.

यास्मिन : परवा ऑफिसात एक उपाय आला. कोणीतरी शोधून काढलाय. कुलूप लावलं जातं तेव्हा किल्ली ज्या आकड्यांपासून बनते ते आकडे आत मेमरीत थोडे दिवस पडून राहतात. मशीन तेव्हापासून एकदाही बंद केलं नसेल, तर नशीब असलं तर, काढता येतात. आणि तेही सगळ्या मशीनवर नाही. एक्सपीवर.

मन्सूर : बंद केलं असेल तर?

यास्मिन : पुसले जातात.

मन्सूर : म्हणजे मी आठ वेळा पुसले.

यास्मिन : पहिल्याच संध्याकाळी गेले असतील. बाकीच्या सात वेळा तुम्ही नुसता कॉम्प्युटर बंद केलात.

मन्सूर : त्याच संध्याकाळी तुझा फोन आला होता.

यास्मिन : सहाच्या आधी की नंतर?

मन्सूर : आधी.

यास्मिन : असू दे. तेव्हा मलाही हा उपाय माहीत नव्हता. पण ज्यांनी ज्यांनी फोन केला त्यांना मी सांगत होते, काही करू नका, बंदही करू नका, हात लावू नका. दिवसभर तेवढंच सांगत होते.

मन्सूर : लग्नपत्रिका गेल्या त्याचं मला काही नाही. ती लग्नं झालेलीच आहेत. तशीही मी नवी पत्रिका कधी केलीच नाही, थोरलीची फाईल उघडायची, धाकटीचं नाव घालायचं. एका घरात तर थोरल्या जावयाचं नाव तसंच राहिलं होतं, पाचशे प्रती छापून झाल्यावर कळलं. ते जाऊ दे. माझ्यासमोर एकाच माणसाचं तोंड येतंय.

यास्मिन : काकांना सांगितलंत?

मन्सूर : नऊ वर्षं दर बुधवारी येतात. खडकीहून बसनं येणार, दारात चपला काढणार, खिशातून चिठ्ठ्या काढणार. दारूगोळ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. तिथले कामगार आपसांत जे शब्द बोलायचे, यंत्रांना काय म्हणायचे, साहेबांना काय म्हणायचे, ते एकेक गोळा केलेले. शब्द, अर्थ, आणि पहिल्यांदा कोण म्हणालं त्याचं नाव. अकराशे पंचेचाळीस झाले होते. या बुधवारीही आले. मी म्हटलं, आज वीज नाही.

यास्मिन : बरं केलंत.

मन्सूर : पंखा चालू होता. त्यांनी वर बघितलं. तासभर पंख्याखाली बसले आणि गेले. म्हणून आज मीच बोलावलंय. अकराला येतील.

यास्मिन : कोण सांगणार?

मन्सूर : तू सांग. तुला सवय आहे.

यास्मिन : मला हॉस्पिटलांना सांगायची सवय आहे.

(बाहेर चपला काढून भिंतीशी नीट लावल्याचा आवाज. कोंडीराम आत येतात.)

कोंडीराम : येऊ का मन्सूरभाई? आज वीज हाय का?

मन्सूर : आहे. या, बसा.

कोंडीराम : बुधवारीबी व्हती. पोरगीपण आलीय? म्हंजी काम मोठं दिसतंय.

यास्मिन : काका, बसा आधी. तुमच्याशी थोडं बोलायचं होतं.

कोंडीराम : तुमचं मागनं. आधी माझं ऐका, न्हाईतर इसरंन. बुधवारी इथनं निघालो आन भलत्याच बसमदी बसलो. कोथरूडला उतरिवलं त्यांनी. म्हैन्यात तिसरी खेप. डॉक्टर म्हणला, हे आता वाढतच जाणार, जे काय ध्यानात ठेवायचंय ते लिहून ठेवा. मी म्हणलं, डॉक्टर, आमचं लिहून झालंय. एकच ऱ्हायलाय. हा बगा, शेवटचा शब्द आणलाय. ह्यो मुद्दाम राखून ठेवला व्हता. हा घाला, आन पुस्तक बंद करा.

मन्सूर : कोंडीराम...

कोंडीराम : चश्मा लावा की. अक्षर जरा कापरं आलंय.

यास्मिन : काका, झालंय काय, की जगभर एक नवा प्रकार आलाय. जुन्या कॉम्प्युटरमधली एक त्रुटी वापरून तो आत शिरतो आणि आतल्या सगळ्या फायलींचं रूपांतर...

मन्सूर : पुस्तक गेलं, कोंडीराम.

कोंडीराम : कुठं गेलं?

मन्सूर : इथेच आहे. पण कुलूप लागलंय. आपल्याकडे किल्ली नाही.

कोंडीराम : लावलं कुणी?

यास्मिन : माहीत नाही काका. कुठल्या देशातलेत तेही माहीत नाही. पैसे मागतात, आणि दिले तरी किल्ली देतील असं नाही. मुदतही काल संपली.

कोंडीराम : त्यांनी वाचलं असंल का समदं?

यास्मिन : नाही. ते वाचत नाहीत. नुसतं कुलूप लावतात.

कोंडीराम : वाचत न्हाईत? मग घेतलं कशाला?

यास्मिन : त्यांना आत काय आहे त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. तुम्हाला ते हवंय, एवढंच त्यांना पुरतं.

कोंडीराम : आमच्या गेटवर झडती व्हायची. डबा उघडून बगायचे, टोपी झाडून बगायचे, काडेपेटी घावली तर चार दिवस घरी. चौतीस वर्षं झडती दिली. पण तो बगत व्हता तरी. न बगता कुलूप घालणारा आजच ऐकला.

यास्मिन : काका, तुमच्या चिठ्ठ्या कुठे आहेत? हाताने लिहिलेल्या. त्या असतील तर आपण पुन्हा सगळं घालू. मी घालते. सुट्टी काढते.

कोंडीराम : चिठ्ठ्या फाडल्या.

यास्मिन : सगळ्या?

कोंडीराम : काम झालं की कागूद फाडायचा. आठ तुकडं करायचं. सेक्शनमदी ड्रॉइंग असू दे न्हाईतर चहाची यादी, शिफ्ट सुटायच्या आत फाडून पोत्यात. दाराभाइर चिटोरा न्यायचा न्हाई. तेवढं चौतीस वर्षांत एकदाबी चुकलं न्हाई. हितंबी तसंच केलं. मन्सूरभाईंनी टाइप केलं, छापून दिलं, मी चुका काढल्या, त्यांनी त्या सुधारल्या, की चिठ्ठी आन छापलेला कागूद, दोनी फाडायचे. सुरक्षा म्हणून.

मन्सूर : पोतं मी धरायचो. मला बरं वाटायचं. इतक्या वर्षांत एकच गिऱ्हाईक असं, की मागे कचरा ठेवत नाही.

यास्मिन : एखादी तरी राहिली असेल. घरी, पुस्तकात, उशीखाली.

कोंडीराम : आमच्या घरी पंचांगाबिगर कागूद न्हाई, पोरी.

यास्मिन : मग आठवतील तेवढे सांगा. मी फोनमध्ये लिहून घेते. आत्ता. चला, पहिला कोणता होता?

कोंडीराम : रुसवी. सात नंबरचं लेथ. हात लावला की बंद पडायचं, फोरमन आला की चालायचं.

यास्मिन : रुसवी. आणि हे नाव ठेवलं कोणी?

कोंडीराम : त्यो... उंच व्हता. मिरजेकडचा. गळ्यात तुळशीची माळ. त्याचं नाव त्यातच घातलं व्हतं की.

यास्मिन : असू दे. दुसरा?

कोंडीराम : मांजरपाय. आवाज न करता मागं येऊन हुबा ऱ्हाणारा साहेब. ह्यो शब्द... ह्यो कुणाचा व्हता, मन्सूरभाई? तुमी टाइप केलाय.

मन्सूर : टाइप केलाय. पाय आणि मांजर जोडून घेतलंय, मध्ये जागा नाही.

यास्मिन : अब्बा, नाव विचारतायत ते.

मन्सूर : नाव मला ठाऊक नाही.

यास्मिन : नऊ वर्षं तुम्हीच सगळं घातलंत ना?

मन्सूर : मी कंपोझिटर आहे, बेटा. सोळाव्या वर्षी प्रेसमध्ये लागलो तेव्हा शिशाची अक्षरं एकेक उचलून ओळीत लावायचो. वस्तादांनी पहिल्या दिवशी सांगितलं, वाचायचं नाही. वाचायला लागलास की मन पुढे धावतं आणि हात चुकतो. अक्षर बघायचं, अर्थ बघायचा नाही. पन्नास वर्षांत मी धार्मिक पोथ्या लावल्या, कोर्टाचे निकाल लावले, कविता लावल्या. एकही वाचलेली नाही. यांच्या पुस्तकातले ऱ्हस्व-दीर्घ विचारा, सगळे सांगतो. रुसवीचा रु पहिला. माणसाचं नाव नाही सांगता येणार.

कोंडीराम : मला वाटायचं तुमी वाचता. मधीमधी हसायचा.

मन्सूर : तुम्ही हसायचात म्हणून हसायचो.

कोंडीराम : अस्सं.

यास्मिन : तिसरा सांगा काका.

कोंडीराम : उतरण. सुट्टीच्या आधीचा अर्धा तास. त्यात कुणी नवं काम हाती घेत न्हाई. चवथा... भिंतीवरचा. रिटायर झाला, मेला, तरी हजेरीच्या फळ्यावर ज्याचं नाव तसंच ऱ्हातं, तो भिंतीवरचा. पुढं... पुढं लई व्हते. कॅन्टीनचेच धा-बारा व्हते. मन्सूरभाई, आपण कॅन्टीनचं पान कवा केलं?

मन्सूर : पावसाळ्यात. तुमची छत्री इथे राहिली होती तेव्हा.

कोंडीराम : छत्री ध्यानात हाय. शब्द न्हाईत.

यास्मिन : घाई नाही काका.

कोंडीराम : घाई हाय. मला ठावं हाय म्हणूनच लिहीत व्हतो. डोक्यातलं कागदावर घातलं, की म्हणायचो, चला, आता इसरलं तरी चालतंय. एकेक चिठ्ठी दिली की एकेक शब्द खुशाल इसरायचो. ते यंत्र हाय की ध्यानात ठेवायला. मी मुद्दाम मोकळा झालो, पोरी. चूक यंत्राची न्हाई.

मन्सूर : चूक माझी आहे. मी त्याची तारीख...

यास्मिन : अब्बा, वायर माझी होती.

कोंडीराम : तुमचं काय ते तुमी घरी वाटून घ्या. माझी चिठ्ठी वाचा.

मन्सूर : वाचू?

कोंडीराम : ह्या खेपेला वाचा. अक्षर बगू नका.

मन्सूर : 'उंबरा. क्वार्टर्समधल्या बायकांचा शब्द. धोक्याचा भोंगा अवेळी वाजला की सगळ्या बायका हातातलं काम टाकून आपापल्या उंबऱ्यात उभ्या राहत. कोणी बोलत नसे. कवायतीचा भोंगा आहे असं कळवत शिपाई सायकलवरून जाईपर्यंत कोणी आत जात नसे. याला उंबरा होणे म्हणत. उदाहरणार्थ, काल दुपारी उंबरा झाला, भात करपला. हा शब्द पहिल्यांदा म्हणणारी, सोजरबाई कोंडीराम.'

यास्मिन : काकू?

कोंडीराम : ती. तिला जाऊन पाच वर्षं झाली. चौतीस वर्षांत एकशे बारा उंबरे झाले. तिनं मोजले व्हते. समद्या कवायती. एकबी खरा न्हाई. पण संध्याकाळी घरी गेलो की त्या दिवशी ती बोलायची न्हाई. नुसतं पाणी द्यायची आन माझे बूट उचलून आत ठेवायची. मी म्हणायचो, अगं, कवायत व्हती. ती म्हणायची, तुमाला कुठं उंबऱ्यात हुबं ऱ्हावं लागलं?

मन्सूर : हे आधी का नाही दिलंत?

कोंडीराम : टाइप झालं की चिठ्ठी फाडावी लागती. ही फाडायची न्हवती.

यास्मिन : काका, नका. द्या ती इकडे.

कोंडीराम : आं? न्हाई, फाडत न्हवतो. घडी घालत व्हतो. हाताला सवय हाय, दोन घड्या झाल्या की पुढचं आपोआप व्हतं. धरा, तुमच्याकडंच असू द्या. मला कागूद संबाळायला येत न्हाई.

मन्सूर : त्या कपाटात एक कोरी वही आहे बघ, यास्मिन. लाल पुठ्ठ्याची. ती काढ. चिठ्ठी पहिल्या पानावर चिकटवतो. बाकीचे चार मी हाताने लिहितो.

कोंडीराम : तुमचं अक्षर बरं हाय का?

मन्सूर : माहीत नाही. शाळा सुटल्यापासून सहीशिवाय हाताने काही लिहिलं नाही.

यास्मिन : ही घ्या. काका, तुम्ही दर बुधवारी येत राहा. चिठ्ठी नसली तरी या.

कोंडीराम : येईन. बस बरोबर घावली तर.

यास्मिन : मी आणायला येईन.

मन्सूर : तू आधी त्या मशीनची वायर काढ.

यास्मिन : आता काढून काही होणार नाही.

मन्सूर : तरी काढ.

यास्मिन : काढली. तारीखही बरोबर लावते आता.

मन्सूर : परवाना जाईल.

यास्मिन : जाऊ दे. उघडायला आत काही नाही.

मन्सूर : बरं. लाव.

यास्मिन : मे... एकवीस... दोन हजार सतरा. झालं. थांबा, अँटिव्हायरसची खिडकी उघडली.

मन्सूर : काय म्हणतोय?

यास्मिन : 'आपले संरक्षण चार हजार पाचशे चोवीस दिवसांपूर्वी संपले आहे.'

कोंडीराम : लई उशिरा वाजिवला भोंगा.

मन्सूर : वहीवर काय तारीख घालू म्हणालीस? एकवीस मे?

यास्मिन : एकवीस मे.

कोंडीराम : वारबी घाला. आज वार कुठला? बुधवार न्हाई, एवढं ठावं हाय.

यास्मिन : मलाही कळत नाहीये काका, आठवडाभर ऑफिसातच होते. बघते, यावरच दाखवतंय.

मन्सूर : कोणता?

यास्मिन : रविवार.